पाडव्याच्या तोंडावर आलेला राजीनामा

जगात रोज कुठं ना कुठं सुट्टी असते आणि ती लक्षात ठेवायचं काम माझ्याकडे आहे. आमची कंपनी लहान. जालना रोडवरच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पंचवीसेक माणसं बसतात आणि कारखान्यांतल्या यंत्रांच्या देखभालीचं सॉफ्टवेअर बनवतात. त्याखेरीज सहा माणसं अशी आहेत की त्यांनी आमचा जिना कधी पाहिलेला नाही. दोघी फिलिपिन्समध्ये, दोघं केनियात, एक पोलंडमध्ये आणि एक, ज्याची ही हकिगत आहे, पोर्तुगालमध्ये. तिथला एक कारखाना आमचं गिऱ्हाईक, म्हणून त्यांच्या भाषेत बोलणारा माणूसही तिथलाच घेतलेला. या सहा जणांचा पगार आपापल्या देशाच्या कायद्यानं, वेळेवर आणि बिनबोभाट जावा, हे मी बघते. ऑफिसात सगळे मला ताई म्हणतात. काम अडलं की जरा जास्त गोड म्हणतात.

याआधी मी एकोणीस वर्षं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. मस्टर, ओव्हरटाइम, प्रॉव्हिडंट फंड, कामगाराच्या लग्नाची उचल, हे सगळं मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. कारखाना बंद पडला तेव्हा वाटलं, चला, आता घरी बसून पाय लांब करावेत. तसं काही झालं नाही. पन्नाशीला टेकल्यावर मी शिकले की फिलिपिन्समध्ये नाताळाआधी तेरावा पगार द्यावाच लागतो आणि पोर्तुगालमध्ये तर वर्षाचे पगार चौदा. साहेबांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"महिने तर बाराच हायेत, ताई."

"बाराच आहेत. पण द्यायचे चौदा."

"मंग आपण पोर्तुगालातच जन्माला यायला पायजे होतं," असं म्हणून त्यांनी सही केली.

आमची त्या देशांत कुठं शाखा नाही. त्यामुळे तिथली एकेक मध्यस्थ कंपनी कागदावर त्या माणसाची मालक असते. ती त्याला नोकरीवर दाखवते, त्याचा कर आणि सरकारी विम्याचा हप्ता भरते, आणि आम्ही तिला पैसे पाठवतो. तिची माझ्याकडे दर महिन्याला एकच मागणी असते, वीस तारखेपर्यंत यादी. कोण कामावर, कोण रजेवर, कोण सोडून गेलं. मी त्या रकान्यात जे लिहीन ते तिथल्या सरकारदरबारी खरं. मुकुंदवाडीत राहणाऱ्या, आठव्या दिवशी नळाला पाणी आलं की ऑफिसला उशिरा येणाऱ्या बाईच्या हातात एवढी सत्ता द्यायला नको होती, असं मला आता वाटतं.

साहेब पाचोडकडचे. वय चाळीसच्या आसपास, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. घरची मोसंबीची बाग, वडील अजून शेतात असतात. शिकून, पुण्यात नोकरी करून, परत आपल्या मुलखात येऊन त्यांनी ही कंपनी काढली. माणूस चांगला आहे. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. वाईट मालक कायद्याला घाबरतो. चांगल्या मालकाला वाटतं, आपलं मन साफ आहे ना, मग कायद्याचं काय एवढं.

त्यांची माणसं सांभाळायची रीत त्यांच्या वडिलांकडून आलेली आहे. आमच्याकडे सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं. होळी झाली की सालगडी एक दिवस येतो आणि म्हणतो, मालक, मी यंदा राहत नाय. कधी खरंच जायचं असतं. बहुतेकदा नसतं. मग मालकानं त्याच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, पोराबाळांची चौकशी करायची, रक्कम थोडी वाढवायची, बायकोला लुगडं कबूल करायचं. गडी दोन दिवस मान खाली घालून बसतो आणि पाडव्याला कामावर येतो. साहेबांनी लहानपणी वडिलांच्या मागं बसून अशा कितीतरी समजुती काढलेल्या पाहिल्या होत्या.

आमच्या ऑफिसातही तसंच चालतं. एक जण दरवर्षी पगारवाढीच्या आधी राजीनामा देतो. साहेब तो खणात ठेवतात, संध्याकाळी त्याच्या घरी जातात, त्याच्या आईच्या हातचे पोहे खातात, आणि दुसऱ्या दिवशी तो जागेवर बसलेला असतो. कुणी काही बोलत नाही. मीही कधी राजीनामा आला म्हणून लगेच मस्टरवर हात चालवत नाही. चार दिवस थांबते. ही सवय मला चिकलठाण्याहूनच होती.

पोर्तुगालवाल्याचा राजीनामा आला तो होळी आणि पाडव्याच्या मधल्या आठवड्यात.

तो चाळिशी उलटलेला, एकटा, डोंगराकडच्या एका लहान गावात राहणारा. पाच वर्षं आमच्याकडे होता. त्याचं पत्र साधं होतं. आईला अर्धांगाचा झटका आला आहे, ती दवाखान्यात आहे, तिला घरी आणून मीच तिची काळजी घेणार आहे, त्यामुळे मी नोकरी सोडतो. नियमाप्रमाणे दोन महिन्यांची सूचना द्यायला हवी, पण महिनाअखेर मोकळं केलंत तर उपकार होतील.

मी ते पत्र छापून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"आई आजारी हाय बिचाऱ्याची," ते म्हणाले. "अशा टायमाला कुणी नोकरी सोडतं का, ताई? उलट नोकरी लागती."

"त्यानं मोकळं करा म्हटलंय."

"म्हणतंच असतंय माणूस. डोक्यात टेन्शन हाय. जाऊ द्या दोन महिने, भरपगारी. मन शांत झालं की येईल. आन् वाढीचं बी सांगा त्याला, दहा टक्के."

मी "यादीत काय लिहू?" एवढंच विचारलं. ते म्हणाले, रजेवर लिहा.

इथं मला माझं सांगायला हवं, नाहीतर सगळं साहेबांच्या माथी मारल्यासारखं होईल. माझीही आई अर्धांगानं आडवी आहे. तीन वर्षं झाली. माझ्याचकडे असते. सकाळी तिचं सगळं आवरून, दिवसभराच्या बाईला किल्ली देऊन, मी स्कूटीवर ऑफिस गाठते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत घरी जाते, तिला कुशीवर वळवते, दोन घास भरवते आणि परत येते. त्या पत्रात 'मीच तिची काळजी घेणार आहे' हे वाक्य वाचलं तेव्हा मला दया आली नाही. राग आला. मी करते ना दोन्ही, मग यालाच काय झालं? बापई माणूस, घरून काम, दुपारी स्कूटी हाणायला नको, पाण्याच्या दिवसाची भानगड नाही. जमतंय की न जमायला काय. असा विचार मी केला आणि रजेच्या रकान्यात खूण केली. साहेबांनी सांगितलं म्हणून केली हे खरं. पण नको म्हणायचं माझ्या जिभेवर आलंच नाही, हेही तितकंच खरं.

साहेबांनी त्याला मोबाइलवर मेसेज पाठवला. घरचं आधी बघ, कशाचीही काळजी करू नकोस, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत, इथलं दार तुला उघडंच आहे. त्यानं उत्तरात खूप आभार मानले. साहेब मला मेसेज दाखवून म्हणाले, "बघा, निवळला." तिकडे तो गृहस्थ हे समजून होता की आपल्याला मोकळं केलं आणि वर आशीर्वाद दिला. दहा टक्क्यांचं मी वेगळं कळवलं होतं. तिथं नोकरी सोडताना उरलेल्या रजेचे आणि जादा पगारांचे पैसे मिळतात, त्यात कंपनीनं काही भर घातली असेल, असं त्याला वाटलं. महिनाअखेर खात्यात रक्कम आली तीही त्यानं तशीच धरली.

पाडवा झाला. तो कामावर आला नाही. साहेब म्हणाले, थोडा वेळ द्या. एप्रिलची यादी गेली, त्यातही तो रजेवर. उन्हानं ऑफिसातल्या माणसांचे चेहरे उतरले होते, कूलरला घालायला टँकरचं पाणी आणावं लागत होतं, आणि आईच्या पाठीला लाल चट्टा दिसायला लागला होता. त्या दिवसांत पोर्तुगाल माझ्या डोक्यात दिवसातून एकदाही येत नव्हता.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्याची मेल आली. भाषा सभ्यच होती, पण वाक्यं तुटक. तुम्ही मला दुसऱ्यांदा पगार का पाठवला आहे? मी तुमच्याकडे काम करत नाही. कृपया मला आज फोन करा.

मी दुपारी तीनला केला, तिकडची सकाळ होती. त्याचा आवाज मी पाच वर्षं ऐकत होते. महिन्यातून एकदा दोन मिनिटं, पगार मिळाला का, मिळाला. आता तो बराच वेळ बोलला आणि मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत फक्त हो-हो करत राहिले. त्यांच्याकडे असं आहे. आईबापाची घरी काळजी घेणाऱ्याला सरकार मान्यता देतं, दरमहा थोडा भत्ता देतं, घरी नर्स पाठवतं, खाट देतं. अट एकच, त्या माणसानं दुसरीकडे पगारी नोकरी करायची नाही. मान्यता नसेल तर दवाखाना अशा रुग्णाला घरी सोडत नाही, कारण घरी बघणारं कोण, हे कागदावर लागतं. त्यानं अर्ज केला. कचेरीतल्या बाईनं संगणकात पाहिलं आणि म्हणाली, तुम्ही तर नोकरीवर आहात. तो म्हणाला, मी सोडली. ती म्हणाली, इथं तुमची नोकरी चालूच दिसते, सोडल्याचा कागद आणा. त्यानं मध्यस्थ कंपनीला लिहिलं. पंधरा दिवसांनी त्यांचं उत्तर आलं की आमच्या यादीत तुम्ही भरपगारी रजेवर आहात.

"मग आई कुठं आहे?" मी विचारलं.

दवाखान्यानं एप्रिलच्या मध्यात खाट रिकामी करून घेतली होती आणि तिला एका शुश्रूषागृहात हलवलं होतं. डोंगरापलीकडच्या गावात. त्यानं गाडी विकलेली. त्या गावाला बस जाते ती तिथल्या बाजाराच्या दिवशी, बुधवारी, सकाळी जाऊन दुपारी परत. पाचोडचा बाजार पाहिलेल्या माणसाला बाजाराच्या दिवसाची बस म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. तो दर बुधवारी जात होता. दोन तास बसायला मिळायचं.

"पैसे तसेच ठेवले आहेत," तो म्हणाला. "कुठं परत पाठवू ते सांगा. पण मला समजत नाही. मी जातो असं लिहिलं होतं. तुम्ही का ठेवून घेतलं?"

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. आमच्याकडे माणूस जातो म्हणाला की लगेच जा म्हणत नाहीत, ते अपमानाचं वाटतं, थोडं अडवायचं असतं. बोलताना माझं मलाच ते पोरकट वाटलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मी तुम्हाला आईचं कारणसुद्धा लिहिलं होतं."

मध्यस्थ कंपनीनं उपाय सांगितला. आमच्याकडून सहीचं पत्र हवं, की या माणसानं मार्चअखेर नोकरी सोडली होती, राजीनामा मिळूनही आम्ही चुकीनं त्याला पुढे रजेवर दाखवलं. त्यावरून ते एप्रिलची नोंद मागं घेतील, दंड बसेल तो आमच्याकडून घेतील. पत्र आल्यावर काम व्हायला तीनेक आठवडे.

मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ते मनानं हळवे आहेत, पण हळव्या माणसालाही लागतं.

"मी त्याला पगार दिला, ताई," ते म्हणाले. "काम न करता दिला. आन् पगार दिला म्हनून माफी मागायची? लेखी?"

"लेखीच लागतं त्यांना."

"बघू. वकिलाला विचारू आधी."

वकील लग्नाला गेले होते, लग्नाहून आले तर त्यांना पोर्तुगालचं काही माहीत नव्हतं. साहेब म्हणाले, दंड किती ते आधी कळू दे. मग म्हणाले, गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं तर काय म्हणतील. पत्राचा मसुदा माझ्या टेबलावर पडून राहिला. दहा दिवस. या दहा दिवसांत मी रोज ऑफिसला गेले, रोज तो कागद बघितला आणि रोज दुसरं काहीतरी काम काढलं. मी दमले होते, हे कारण खरं आहे. पण ते माझं कारण होतं. त्याच्या आईला त्याचा काय उपयोग?

एका रविवारी आईच्या पाठीला औषध लावत होते. तिची जीभ जड झाली आहे, पण डोकं शाबूत आहे, आणि चौकशा करायची हौस तर झटका आल्यापासून वाढलीच आहे. मी उगीच तिला ही गोष्ट सांगितली. सांगायला दुसरं कोण होतं.

"सरकार पैसे देतंय?" आई म्हणाली. "आईपाशी बसायचे?"

"व्हय."

"मंग तुला बी दील का?"

"नाय. आपल्याकडं नाय तसलं काही."

"आन् त्याची आई कुठंय आता?"

"दुसऱ्या गावाला. सरकारी जागा आहे."

"एकलीच?"

मी तिला कुशीवर वळवलं. पाठीमागं उशी लावली. माझ्याकडे तोंड करायचा तिचा खटाटोप चालला होता, म्हणून मीच खाटेला वळसा घालून समोर गेले. ती परत म्हणाली, "एकलीच हाय का ती?" मी हो म्हणाले.

सोमवारी साहेब आल्याआल्या मी मसुदा त्यांच्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. मी एरवी त्यांच्या खोलीत बसत नाही.

"साहेब, तो सालगडी नाही. त्याला वाढ नको होती. त्याला जायचं होतं."

"मला काय म्हायत नाय का ते आता."

"माहीत आहे तर सही करा. ती बाई तिथं एकटी आहे."

मसुदा मीच लिहिला होता. त्यात 'आमच्या पगार विभागाच्या चुकीमुळे' असं होतं. पगार विभाग म्हणजे मी. साहेबांनी पेन उचललं, ते शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'माझ्या चुकीमुळे'. मग मला म्हणाले, टाइप करून आणा. मी टाइप करून आणलं. निदान 'आमच्या' लिहा, असं मला म्हणता आलं असतं. चूक अर्धी माझी होती आणि ती त्यांच्या नावावर चढताना मी बघत राहिले. मला हलकं वाटलं, आणि त्याची अजून लाज वाटते.

पत्र गेलं. त्यानंतर मी मध्यस्थ कंपनीच्या मागं लागले. त्यांच्याकडे एक मुलगी होती, ती प्रत्येक मेलला 'आपल्या संयमाबद्दल आभार' असं लिहायची. माझ्याकडे संयम नव्हता, पण तिला ते सांगून उपयोग नव्हता. अमुक नमुना चुकीचा, परत भरा. राजीनाम्याची प्रत पाठवा, तिचं भाषांतर पाठवा, सही निळ्या शाईत नको. आज तिथं सुट्टी. एका गुरुवारी त्यांच्याकडे सणाची सुट्टी होती आणि ती माझ्या तक्त्यात होती, मीच भरलेली, तरी मी त्या दिवशी तीनदा फोन केला. मधल्या काळात त्याला दर आठवड्याला लिहून कळवत होते, कुठवर आलं आहे. तो दरवेळी आभार मानायचा. त्यानं एकदा जरी शिव्या दिल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नोंद दुरुस्त झाली. दोन दिवसांनी त्याला मान्यता मिळाली. त्यानं फोटो पाठवला. खिडकीजवळ लोखंडी खाट, तिच्यावर एक लहानशी म्हातारी, अंगावर विणलेलं पांघरूण. चेहरा नीट दिसत नव्हता. साहेबांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. म्हणाले, आपल्याकडच्या म्हाताऱ्यांसारखीच दिसती. मग दंडाच्या बिलावर सही केली, रक्कमही न बघता.

ती घरी अकरा दिवस होती.

त्याची मेल आली ती मी ऑफिसात पोहोचल्याबरोबर वाचली. आई काल सकाळी गेली, घरी, झोपेत, मी शेजारी होतो. तुम्ही दोघांनी मदत केलीत, कळवायला हवं म्हणून लिहितो आहे. मदत, असा शब्द त्यानं वापरला होता.

मी ती साहेबांना वाचून दाखवली. चहा आला तो निवला. मग ते हळूच म्हणाले, "एकटा पडला असंल तो आता."

"हो."

"ताई, विचारून बघायचं का त्याला? परत येतो का म्हनून. आता तर तशी अडचण नाय. कामात मन रमंल त्याचं. जागा आपण भरलीच नाय अजून."

ते मनापासून बोलत होते. त्यात कंपनीचा फायदा नव्हता असं नाही, पण तो त्यांच्या मनात शेवटून पहिला असेल. मार्चमध्येही ते असेच मनापासून बोलले होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला त्यांचा राग येईना, आणि हो सुद्धा म्हणवेना.

"नको, साहेब. मी नाही विचारणार."

पाच वर्षांत मी त्यांना नाही म्हणायची ही पहिलीच वेळ असावी. त्यांनी मान हलवली. मी जागेवर येऊन त्याला पत्र लिहिलं. इंग्रजीत सांत्वन करायला मला जमत नाही, शब्द ऑफिसचेच येतात. चार ओळी लिहायला तासभर लागला. आईच्या जाण्याचं वाईट वाटलं. तिला घरी यायला आमच्यामुळे उशीर झाला, त्याचं त्याहून जास्त वाटतं. नोकरीबद्दल, परत येण्याबद्दल, दार उघडं असल्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. त्याच्या शेवटच्या हिशेबाचा कागद वेगळ्या मेलनं पाठवला.

उत्तर चार दिवसांनी आलं. त्यानं आधी माझ्या आईची चौकशी केली होती. ती आजारी आहे हे मी त्याला कधीतरी फोनवर बोलून गेले असेन. मग लिहिलं होतं, तुम्ही उशिराबद्दल लिहिलंत म्हणून सांगतो. मी रागावलेलो नाही. फक्त एक गोष्ट डोक्यातून जात नाही. शुश्रूषागृहातल्या नर्सनं मला नंतर सांगितलं, आई रोज सकाळी डोळे उघडले की त्यांना विचारायची, आज बुधवार आहे का.

मी ते साहेबांना त्यांच्या खोलीत जाऊन वाचून दाखवलं, मराठीत, जसं जमेल तसं. ते खिडकीशी उभे होते, खाली रस्त्यावर बघत. माझं वाचून झालं तरी वळले नाहीत.

"ताई," ते म्हणाले, "असे किती बुधवार गेले असतील?"

मला कॅलेंडर बघावं लागलं नाही.

"सात," मी म्हणाले.